येर म्हणजे काय

मोहर्ली, ९ जानेवारी २०२५

चि. रंजीतास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकून आई विचारत होती की पोरगी रडून राह्यली काऊन. घसा बसलाय म्हटलं तरी तिला पटेना. तुला आणखी बोलायला लावायचं नाही, म्हणून हे पत्र. आश्रमशाळेत लागून सात महिने झाले नाहीत तर ही गत! माझं ऐक. आम्ही गाइड लोक दिवसभर जिप्सीत कुजबुजत वाघ दाखवतो. तूही वर्गात कुजबुजून शिकव. आणि चंद्रपूरला घसा दाखवून ये.

तुझा,
राजदीपदादा

एटापल्ली, २० जानेवारी

आदरणीय दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझा सल्ला आठवडाभर पाळला आणि डॉक्टरबाईंची बोलणी खाल्ली. कुजबुजल्याने घसा जास्तच ताणतो म्हणाल्या. नळी घालून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, घोट घोट पाणी पीत राहायचं, आणि पुढे बोलताना घशावर जोर न देता पोटातून श्वास घ्यायचा. एवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन, आणि आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही. मुख्याध्यापक गुणवंतराव सर भले आहेत, पण आवाजच नसेल तर वर्ग कसा देऊ, असं तेही म्हणाले. सध्या दुसरे सर शिकवतात आणि मी हजेरीपट लिहिते.

दादा, मी थकले रे. पोरं घरी माडिया बोलतात. माझं त्यांना कळत नाही, म्हणून मी आवाज चढवते. खोकला आला की सगळी मिळून येर, येर असा गलका करून मला चिडवतात. त्यांना गप्प करता करताच घसा गेला.

आईला गाठींचं सांगू नकोस.

तुझी,
रंजी

मोहर्ली, २६ जानेवारी

चि. रंजीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

माझा शहाणपणा मला लखलाभ. कान पकडतो. आईला सांगितलेलं नाही.

काल जिप्सीत लालसूला तुझ्या पोरांचा चावटपणा सांगितला. तो गोंड आहे, आमच्यातला जुना गाइड; त्याची गोंडी माडियाच्या जवळचीच. मला वाटलं हसेल. तो म्हणाला की भाऊ, येर म्हणजे पाणी. लेकरं तुह्या बहिणीले पाणी पी म्हणून राह्यली.

जपून राहा.

तुझा,
दादा

एटापल्ली, ६ फेब्रुवारी

आदरणीय दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जूनपासून पोरं मला पाणी प्या म्हणत होती आणि मी त्यांच्यावर खेकसत होते. डॉक्टरबाईंनी फी घेऊन सांगितलं, ते ही पोरं फुकट सांगत होती.

मौन संपलं. आवाज निम्माच आलाय, ऑपरेशनचं महिन्याने ठरेल. काल सरांनी एक तास देऊन पाहिला. फळ्याजवळ न थांबता मी पोरांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, येर. मग मागून सीता नावाची पोरगी उठली आणि मी तो शब्द कसा चुकीचा म्हणते ते तिने दोनदा म्हणून दाखवलं. मी तिच्यामागून म्हटला, तेव्हा मान हलवून खाली बसली.

सर दारातून पाहत होते. वर्ग माझ्याकडेच राहील म्हणाले. सीता मात्र माझ्या हजेरीपटात सात महिने नुसता हात वर करून हजर होती. तिचा आवाज मी काल पहिल्यांदा ऐकला.

आईला जयभीम सांग. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रंजी