टाचेतली सुई

४ नोव्हें.
टाच परत सुजली. संडासपर्यंत भिंत धरत गेली. सहा महिने हेच. खो-खोचे सर म्हणतात, "नखरे बंद कर." ग्राऊंड दगडासारखं टणक, बूट घासून सपाट, आणि नखरे माझे! रविवारी खेळाडू कोट्याची ट्रायल. बाबा रिटायर व्हायच्या आत नोकरी हवीच.

७ नोव्हें.
सरांनी सदर भागातल्या एका कंपाउंडरकडे नेलं. सुई थेट टाचेमागच्या जाड नसेत. आई गं! संध्याकाळी दुखणं गायब, पळाली मस्त. रोशनीनं, आमची ज्युनियर, सोळाची, तिचीही टाच दुखून राहिली, विचारलं, "दीदी, लगवा लूँ?" मी ऐटीत, "लगवा ले, कुछ नहीं होता."

९ नोव्हें.
ट्रायलला खांबापाशी एकदम वळली, तर मागून कोणी काठी हाणल्यासारखं झालं. फट्! मागे पाहिलं, कोणीच नाही. पंजावर जोर देता येईना. सर म्हणे मोच आहे, नुसता मुरगळलाय, ऑटोत घालून मालीशवाल्याकडे. त्यानं तेल लावून पाय ओढला. आणि मी ओढू दिला. ट्रायल गेली.

१२ नोव्हें.
शेवटी बाबांनी हाडांच्या डॉ.कडे नेलं. पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. डावं पाऊल हललं. उजवं ढिम्म. "नस पूरी टूट गई है।" मग टाचेमागची सुईची खूण बघून, "सुई किसने लगाई?"
बाबा, "अगं, काहून बोलत नाहीस?"
डॉ. म्हणाले, आधीच झिजलेली नस, सुईनं दुखणं झाकलं, नस अजून कमजोर झाली, वरून पळवलं. उद्या ऑपरेशन. परत खेळेन का? "देखेंगे।"

१६ नोव्हें.
ऑपरेशन होऊन काल घरी आली. आज सर आले केळी घेऊन. आई चहाला आत गेली तसे हळूच, "बेटा, कोई पूछे तो कहना सीढ़ी से गिरी। अगले साल ट्रायल के लिए तेरा नाम मुझे ही भेजना है।"
थू! आणि मी काय म्हटलं? "जी सर." जीभ झडली कशी नाही माझी! वरून आईनं वाकून नमस्कार केला त्यांना. सरांची किळस येते, त्याहून जास्त माझी.

१८ नोव्हें.
न राहवून रोशनीला फोन केला. उसी सुई से टूटी है, तू मत लगवाना.
ती हसली. "दीदी, आप तो सीढ़ी से गिरीं ना? सर ने सबको बताया। मुझे तो कल लग भी गई। दर्द एकदम गायब! कल सुबह मैच है।"
मत खेल म्हटलं, तर, "आप जल रही हो क्या?" फोन कट. परत लावला, उचलत नाही. तिच्या मम्मीचा नंबर नाही माझ्याकडे.
बाबांना सगळं सांगून टाकलं. सुई, केळी, सगळं. बाबा म्हणाले, "सकाळी सहाला ऑटो सांगतो."
प्लास्टर घेऊन ग्राऊंडवर जाणार, रोशनीला थांबवायला. सरांसमोर तोंडून काय निघेल, देव जाणे.