ओळीतलं शेवटचं घर

६ डिसेंबर १९८८, मंगळवार

काल उमरेडहून सामान घेऊन नंदनवन वस्तीत आलो. यांना रामदासपेठेत एका महिला गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत संगणकावर नोकरी लागली, घरही संस्थेचंच. नियम असा की घर बाईच्या नावावर! दारावर माझ्या नावाची पाटी बघून डोळे भरून आले. पाच घरांची ओळ, आमचं शेवटचं. पलीकडे मोकळं शेत, वारा भरपूर. देव मांडले, दूध उतू घातलं.

पहिल्या घरच्या रंभाबाई स्टीलच्या वाटीत कढी घेऊन आल्या. वाटीवर त्यांचं नाव घातलेलं. शेवटचं घर भेटलं तर एवढी खुश काहून होऊन राहिली वं, नळाचं पाणीही तुले शेवटीच भेटन, म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. बाई मोकळी आहे.

९ डिसेंबर

हे त्यांचं काम समजावून सांगत होते. यंत्रात प्रत्येक घराचं एक फोल्डर, म्हणजे कागदपत्रांचा डबाच म्हणायचा. आजवर डब्यांवर घरांचे नंबर होते, आता साहेबांना बायकांची नावं हवीत. हातानं एकेक कोण बदलत बसणार, म्हणून यांनी प्रोग्राम लिहिला. तो यादीतली नावं क्रमानं उचलून डब्यांना लावत जाणार. आधी यांच्या टेबलावरच्या यंत्रात, मग तारेनं वरच्या मजल्यावरच्या मोठ्या यंत्रात. साहेब प्रत्येक घर तपासणार, म्हणून दोन-तीन दिवसांनी एक. सुरुवात आमच्याच ओळीपासून.

मी म्हटलं, हळदीच्या डब्यावर कोणी तिखट लिहून ठेवलं तर? हे हसले. चिठ्ठी बदलली तरी आतलं तेच राहतं, म्हणाले.

१५ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

घट मांडला, ओळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. चौथ्या घरच्या पार्वतीबाई म्हणाल्या, नाव घेतल्याशिवाय प्रसाद भेटणार नाही. रंभाबाई लगेच सुरू झाल्या:

चुलीवर ठेवली खीर, तिले आली उकळी,
गोपाळरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी.

माझ्या हातातलं अत्तर सांडता सांडता राहिलं. रंभाबाईंचे यजमान देवराव. गोपाळराव कुसुमताईंचे, दुसऱ्या घरचे! कोणी हसलंसुद्धा नाही. कुसुमताईंची पाळी आली तर आठवतच नाही म्हणाल्या. खाली बघत होत्या. बिचारीनं किती गिळलं असेल!

१६ डिसेंबर

गोपाळरावांचे सदरे रंभाबाईंच्या दोरीवर वाळताहेत, भर दुपारी. देवराव पानठेल्यावर बसून. घरी जा म्हटलं तर कोणाच्या, म्हणून मलाच विचारतात. शोभाताईंना खूण करून दाखवलं. तिसऱ्या घरात राहतात त्या, सगळं दिसत असणार. त्यांना त्यात वावगं काहीच दिसेना. सगळे मिळून काहीतरी लपवताहेत. यांना सांगितलं तर म्हणाले, दुसऱ्यांच्या घरात डोकावू नये.

१७ डिसेंबर

रिकामी वाटी परत करू नये, म्हणून साखर घालायला रंभाबाईंची वाटी काढली. इतके दिवस माझ्याच फळीवर होती. वर नाव कुसुम. ठसे जुने, झिजलेले.

नेऊन दिली. रंभाबाई म्हणत हाक मारली तर तिनं मागं वळून पाहिलं, कोणी आलं का म्हणून.

१९ डिसेंबर

आता कुसुमताई स्वतःला शोभा म्हणवतात. शोभाताईंचे यजमान त्यांच्याकडे जेवतात.

वाटीवरचं नाव बदललं, असं यांना शपथेवर सांगितलं. यांनी यादी काढली, बोट ठेवत खाली गेले, चेहरा उतरला. यादीतली पहिलीच ओळ प्रोग्रामनं सोडली होती. रंभाबाईंचं नाव कोणालाच लागलं नाही. प्रत्येक घराला त्याच्या पुढच्या घराचं नाव लागत चाललंय.

मी विचारलं, शेवटच्याला? त्याच्याखाली ओळच नाही, म्हणाले.

२० डिसेंबर

यांनी टेबलावरच्या यंत्रात नावं नीट केली. जेवून आले तर वरच्या यंत्रानं तारेनं पुन्हा तीच लावलेली. साहेब म्हणे, राहू द्या, चिठ्ठीनं काय फरक पडतो.

शोभाताई — आता पार्वती.

२१ डिसेंबर

आमच्या आणि त्याच्यामध्ये एकच घर उरलं. पार्वतीबाई सकाळपासून दारात उभ्या. यजमानांचं नाव आठवत नाही म्हणतात.

आज जाऊ नका म्हटलं यांना. वरच्या यंत्राची तार उपटूनच येतो म्हणाले. मी देवाला नारळ बोलले. सरळ घरी या, कोणी हाक मारली तरी थांबू नका, असं चारदा सांगितलं. हो म्हणाले. कपाळावर हात ठेवून गेले.

दिवेलागण झाली तरी —

२२ डिसेंबर, गुरुवार

यांची सायकल पार्वतीबाईंच्या दारात.

मी तिथं गेले. ती माझ्या नावानं ओ देते. हे ओसरीवर चहा पीत होते. उठून उभे राहिले, परक्या बाईसमोर राहतात तसे. बाई, कोणाकडे आलात? शेवटच्या घरात राहते म्हटलं. हे म्हणाले, शेवटचं घर तर हेच. पलीकडे शेत आहे.

पाटी कोरी. तांब्या कोरा. लग्नातली सगळी भांडी —

घटापुढे बसले आहे. यांचं नाव घ्यायचं, मोठ्यानं, एकदाच — मग हे येतील. ओठावर आहे. या वहीत असेल म्हणून पहिल्या पानापासून पाहिलं. हे, यांनी, यांना. नवऱ्याचं नाव लिहू नये, मी कधी लिहिलंच नाही — आणि माझं, आपल्याच वहीत आपलं नाव कोण —

घटावर ठेवला नारळ, समोर लावली वात,
— रावांचं नाव घेते, मी