टिटवीचा पहिला प्रवास

॥ श्री ॥
तेलीबाग, लखनौ
३ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यजित यास अ. उ. आ.

कागद आले. जाड तपकिरी लखोटा काल दुपारी पोस्टमननं हातात दिला. त्यात मालक म्हणून माझं नाव आहे, तेही न चुकता लिहिलेलं. एकतीस फुटांची, एका डोलकाठीची, शिडाची बोट; नाव 'टिटवी'; मुक्काम गोव्याचं यार्ड. आणि मालकीण बँकेतून निवृत्त झालेली बाई, जिच्या घरापासून समुद्र हजार-बाराशे किलोमीटरवर आहे. आमच्या सब्जीवाल्या भैयाला कागद दाखवले, तर त्यानं विचारलं की गोमतीत चालवणार का. मी हो म्हटलं. पुढचं समजावत बसले असते तर भाजी वाळली असती.

फोन केला असता, पण फोनवर आपण तीन मिनिटांत भांडतो. आपली खरी बोलणी पत्रातच होतात.

संकेतला हे सगळं अजून रिटायरमेंटचं खूळ वाटतं. नंदकुमार गेल्यापासून चार वर्षं पोरगा माझ्यावर पहारा ठेवून आहे. अमौसीच्या विमानतळावरून, ड्यूटीवरून, दिवसाला दोन फोन. गोळी घेतली का, गीझर बंद केला का. मी घेतली म्हणते, केला म्हणते आणि होकायंत्राचं पुस्तक पुन्हा उघडते.

आता कामाचं. जानेवारीत वारा उत्तरेचा, म्हणजे पाठीमागून. मांडवीतून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं कोचीपर्यंत जायचं, हे आपलं ठरलेलं आहे. पण माझी पुंजी म्हणजे गोव्यातली दोन शिबिरं, आणि तुलाही नौदल सोडून आठ वर्षं झाली. तिसरं माणूस हवं आणि ते मुरलेलं हवं. ते तू शोध. तुला माणसं पारखता येतात.

एक अट आहे. देवगडच्या खाडीत बाबा सुकाणू कायम तुझ्या हातात द्यायचे. मी पुढे बसून डब्यानं पाणी उपसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं तू समजत असशील. वाटायचं. म्हणून या वेळी बंदरातून बोट मी बाहेर काढणार आणि तू पाणी उपसणार.

पद्मिनीस आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
विनयाताई

देवगड
२४ नोव्हेंबर २०२४

ती. विनयाताईस सा. न. वि. वि.

डबा घेऊन पुढे बसायला मी तयार आहे. फक्त टिटवीत पाणी शिरत नाही, त्यामुळे तुझा सूड अपुरा राहील. यार्डात दोन दिवस राहून मी तिचा तळ ठोकून, खरवडून पाहिला. बोट तू चांगली निवडलीस. मी निवडली असती तर याहून जुनी घेतली असती.

माणसं पाहायला लागलो, तर मुलगी बघायच्या कार्यक्रमाची आठवण झाली. पहिला तरुण शर्यती जिंकलेला. मधल्या बंदरांत थांबावं लागेल म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि सोमवारपर्यंत परत पोचू का, असं त्यानं विचारलं. दुसरे एक निवृत्त कप्तान. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेले. टिटवीला एक फेरी मारली आणि आचारी कुठे झोपणार म्हणून विचारू लागले.

तिसरी आली मृणाल बोरकर. पेडण्याची, पंचेचाळिशीची, बोलायला कमी. लोकांच्या शिडाच्या बोटी पोचवण्याचं काम करते, दोनदा मालदीवपर्यंत गेली आहे. आल्याबरोबर खाली उतरून इंजिन पाहिलं आणि मग मालक कोण ते विचारलं. माझी बहीण म्हटल्यावर पहिल्यांदा हसली. आपलं माणूस मिळालं, ताई.

चौदा जानेवारीला निघू. दोन दिवस आधी ये. बाबा असते तर त्यांनी सुकाणू कोणाला दिलं असतं, यावर वाटेत भांडायला दहा दिवस आहेत.

पद्मिनीचा नमस्कार. आमची आठवण ठेव.

तुझा,
सत्यजित

लखनऊ
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा, नमस्कार.

मराठीत लिहितोय, ग़लती होईल, माफ करा. फोनवर नाही बोललो, कारण घरात मम्मी सगळं ऐकते आणि मेसेज पण वाचते.

मामा, मम्मी तुम्हाला सांगणार नाही. ऑक्टोबरमध्ये ती जिन्यावरून घसरली. काही तुटलं नाही, पण ती दहा मिनिटं तिथेच बसून होती आणि मला शेजारच्या आंटींकडून समजलं. आता ती मुझे छोड़कर समंदरात जाणार. पापा गेले तेव्हा मी ड्यूटीवर होतो, पोचलो तोपर्यंत सब ख़त्म. माझ्याकडे आता एकच मम्मी आहे.

तुम्ही मना केलं तर ती ऐकणार नाही. म्हणून मना करू नका. फक्त हा सीज़न टाळा, काही कारण सांगा. इंजिन वगैरह. पुढच्या वर्षी तिचा जोश कमी होईल. तुमचं ती मानते, माझं नाही.

प्लीज़ तिला सांगू नका मी लिहिलं.

तुमचा भाचा,
संकेत

देवगड
४ जानेवारी २०२५

ती. विनयाताईस सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, पण घाबरू नकोस. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र फाटलं आहे. हे मॉडेल जुनं, भाग इथे मिळत नाही, बाहेरून मागवायला दीड महिना जाईल. इंजिनाशिवाय बंदरात शिरणं-निघणं धोक्याचं. तेव्हा जानेवारीचं जाणं पुढे ढकलावं लागतंय. फेब्रुवारीअखेर पाहू, नाहीतर पुढचा हंगाम आहेच.

तू तिकीट रद्द कर. इथे येऊन यार्डाची धूळ खात बसू नकोस. मी जाऊन-येऊन आहेच. मृणालला मी कळवतो, तू त्रास घेऊ नकोस. तिकडे थंडी फार असेल, तब्येत सांभाळ. जिने जपून उतर.

कृपा असू दे.

सत्यजित

कोची
२६ जानेवारी २०२५

श्रीमती विनयाताई यांस स. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही, तरी मोकळेपणानं लिहिते. सत्यजितदादांनी सांगितलं की तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि तुम्हाला फोन करून त्रास देऊ नये. म्हणून बोटीच्या कागदांवरचा पत्ता उतरवून घेतला आणि हे पत्र लिहायला बसले. लवकर बऱ्या व्हा.

मला वाटलं, मालकिणीला तिच्या बोटीचं कोणीतरी नीट सांगायला हवं. आम्ही दोघं चौदाला सकाळी मांडवीतून निघालो आणि काल इथे पोचलो. टिटवी फार गुणी आहे. कारवारच्या पुढे वारा पाठीमागून लागला, तेव्हा दोन्ही बाजूंना शिडं उघडून ती दिवसभर कोणी हात न लावता चालली. इंजिनानं एकदाही कुरकुर केली नाही. कन्नूरच्या अलीकडे तासभर डॉल्फिन बरोबर होते. बारा दिवसांच्या नोंदवहीच्या प्रती जोडल्या आहेत, तुम्हाला अंथरुणात वाचायला होतील.

गाद्यांच्या खोळी तुम्ही लखनौच्या चौक बाजारातून शिवून पाठवल्यात असं कळलं. उत्तम झाल्या आहेत. रात्री त्यांच्यावर पाठ टेकली की तुमची आठवण निघायची. दादा मात्र तेव्हा उठून वर जात. ते आज रेल्वेनं घरी गेले. बोट इथल्या धक्क्यावर सुरक्षित आहे. मी फेब्रुवारीभर कोचीतच आहे.

पुढच्या वेळी बरोबर जाऊ. स्नेह जुळावा ही इच्छा.

आपली,
मृणाल बोरकर

तेलीबाग, लखनौ
३ फेब्रुवारी २०२५

श्री. सत्यजित यांस स. न.

मृणाल बोरकर यांचं पत्र आज मिळालं. नोंदवहीच्या बारा पानांसकट.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला त्यातून कळलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचत होते, चांगली दोन पायांवर.

तुझं चार तारखेचं पत्र आल्यावर मी काय केलं ते ऐक. तुझ्या फाटलेल्या रबरी चक्रासाठी कानपूर रोडवरची डिझेल पंपांची दुकानं पालथी घातली. सहाव्या दुकानात एक वयस्क मिस्त्री भेटले. पुस्तकातलं चित्र दाखवलं, मापं सांगितली. ते म्हणाले की बहनजी, कोशिश करतो. तीन दिवसांनी त्यांनी दोन चक्रं बनवून दिली. धुक्यात ई-रिक्षानं जाऊन ती आणली आणि सोळा तारखेला कुरिअर केली. पद्मिनीनं सही करून पार्सल घेतलं. वीस तारखेला तुझा फोन आला, मिळालं म्हणालास. मागे वारा घोंगावत होता. मी विचारलं, तर तू म्हणालास की यार्डात उभा आहे, आज हवा सुटली आहे. वहीत वीस तारखेला तुम्ही मलप्याच्या पुढे होतात. सुकाणूवर सकाळी सहा ते दहा: सत्यजित.

तू समोरून सांगितलं असतंस की ताई, तू कच्ची आहेस, पहिली खेप आम्ही दोघं करून येतो, तर मी भांडले असते, आठवडाभर बोलले नसते, पण कदाचित किल्ली दिली असती. तू मला आजारी पाडलंस. माझ्याच बोटीवर, माझ्या खोळींवर बसून, एका अनोळखी बाईसमोर तू मला अंथरुणात झोपवलंस आणि तिनं माझ्यासाठी हळहळावं म्हणून सोडून दिलंस.

संध्याकाळी संकेत घरी आला. मी पत्र टेबलावर ठेवलं. वाचताना त्याचा चेहरा बदलला आणि तो आपण होऊन बोलू लागला. डिसेंबरात तुला लिहिलं होतं, पण फक्त टाळायला सांगितलं होतं, मामा स्वतः निघून जाईल असं सोचा भी नहीं था, म्हणाला. रडला. मी त्याला जेवायला वाढलं. तो भीतीपोटी वागला, ते मला समजतं. क्षमा केली असं अजून म्हणवत नाही.

तुझं मात्र समजत नाही. पद्मिनीला ठाऊक होतं का, तेही लिही. एकदा खरं लिही.

विनया

देवगड
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न.

पद्मिनीला निघाल्यावर कळलं. पार्सल आलं तेव्हा ती फोनवर माझ्याशी खूप वाईट बोलली. अजून नीट बोलत नाही.

संकेतच्या पत्राचं निमित्त झालं. जिन्याचं वाचून मी खरंच घाबरलो आणि टाळायचंच ठरवलं. मग मृणालला नको सांगायला गेलो. बोट पाण्यात उतरवलेली, शिधा भरलेला, वारा सुटलेला. ती म्हणाली की मालकीण येणार नसेल तर आपण दोघं पोचवून येऊ, बोट यार्डात का सडवायची. तिला कारण काय सांगायचं म्हणून गुडघा तोंडून गेला. त्यानंतर मागे फिरायला दहा दिवस होते. मी फिरलो नाही.

तू खरं लिही म्हणालीस. ताई, मला जायचं होतं. आठ वर्षं मी खाडीत मासे मोजतोय. तू बरोबर असतीस तर मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसावं लागलं असतं, आणि सुकाणू तुझं असतं. मला ते कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. कन्नूरला डॉल्फिन आले तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस. हेच खरं आहे.

चक्रं कपाटात आहेत. ती अगदी बरोबर मापाची आहेत.

आता बोट उत्तरेला आणायची म्हणजे वारा तोंडावर. जाताना पाठीवर होता, सोपं होतं. येताना रोज झगडावं लागतं, आणि तेवढाच रस्ता दुपटीनं होतो. मला आणू दे. तू गोव्यात ये, मी किल्ली हातात देतो आणि बाजूला होतो.

तू म्हणशील ती शिक्षा.

सत्यजित

पणजी
२५ मार्च २०२५

चि. सत्यजित यास आशीर्वाद.

चाळीस दिवस तुला उत्तर दिलं नाही. त्यातले तेवीस बोटीवर गेले.

तुझं पत्र पोचलं त्याच आठवड्यात मी मृणालला फोन केला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग तिनं विचारलं की गुडघे ठीक आहेत ना, कारण उत्तरेकडे जायला ते लागतील. सत्तावीसला निघाले. संकेतनं स्वतः अमौसीला सोडलं. सामान तपासणीपर्यंत आला, माझ्या औषधांच्या पिशवीवर वेळा लिहून दिल्या, आणि रोज एक मेसेज बस, इतकंच मागितलं. तो मी न चुकता केला.

पाण्याबद्दल तू खोटं लिहिलं नव्हतंस. जमिनीवरचा वारा पहाटे असायचा तेवढ्यात पुढे सरकायचं, दुपारी समोरून आला की तिरकं बाहेर, तिरकं आत, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर तेच दीपगृह, जेमतेम बोटभर मागे गेलेलं. पहिले तीन दिवस मी उलट्या करत होते. चौथ्या दिवशी मृणालनं बिस्किट हातात दिलं आणि सुकाणूवर बसवलं. मलप्याला बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं. ती सुरी घेऊन पाण्यात उतरली आणि तिच्यावर बोट येऊ नये म्हणून मी चाळीस मिनिटं टिटवी वाऱ्यात उभी धरून ठेवली. वर आल्यावर ती म्हणाली की चहा करा. तेवढंच. कामाचं कौतुक करत नाही ती, पण त्या दिवसापासून तिनं माझ्या पाळीत निर्धास्त झोपायला सुरुवात केली.

मधे एकदा, कारवारच्या बाहेर, सगळं शांत असताना तुझा राग आठवून पाहिला. तो होता तिथेच होता. तू आठ वर्षं किनाऱ्यावर बसून काय झालास, ते तुझ्या पत्रातून मला कळलं. खरं लिहिलंस ते बरं केलंस. पण मी साठ वर्षं बसले होते, सत्यजित, आणि मी तुझं काही घेतलं नव्हतं.

गणपतीला देवगडला येईन, नेहमीसारखी. पद्मिनीला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्या हातचं जेवेन, तुझ्याशी बोलेन. बोटीवर मात्र तू येऊ नकोस. किती दिवस, ते मला आज सांगता येत नाही. पुढच्या हंगामात मृणाल आणि मी लक्षद्वीपला जातोय. तिसरं माणूस तिनं पाहिलं आहे.

काल आम्ही धक्क्याला लागत होतो, तेव्हा तू उभा होतास. देवगडहून मुद्दाम आला असशील. मी पुढे दोर घेऊन उभी होते. तो घ्यायला तू दोन्ही हात पुढे केलेस आणि मी दोर तुझ्या शेजारच्या कोळ्याकडे टाकला. नंतर मृणालला तू म्हणालास म्हणे की ताई नवीन आहे, नेम चुकला, होईल सवय.

नेम चुकला नव्हता. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

माया आहे, ती कुठे जात नाही.

विनयाताई