नववा टेक

प्रिय चिमणे,

फोन उचलत नाहीस, म्हणून आईच्या हाती हे पत्र आणि सोबत एक पेनड्राइव्ह पाठवतोय. बुधवारी सकाळी तू गळ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करणार आहेस. त्याआधी हे वाच. दादा पुन्हा शहाणपणा शिकवायला आला असं वाटेल तुला. आज शहाणपणा नाही, कबुली आहे.

मागच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायला बसलो होतो, तो दिवस तू विसरली असशील असं मला उगाच वाटायचं. भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद, तू घामाघूम. बाबांचं मेंडोलिन आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. हेडफोनमध्ये ते ऐकत तू त्यावर गायचं, एवढंच काम. पण तू दर ओळीला मागे पडत होतीस. नवव्या टेकला, म्हणजे नवव्यांदा रेकॉर्ड करताना, तू हेडफोनचा एक कान मागे सरकवलास, तर मी खेकसलो, की मेंडोलिन बाहेर सांडतंय आणि माईकमध्ये शिरतंय. तो टेक मी ऐकलासुद्धा नाही. वर बाबांच्या देखत बोलून गेलो, की हिला तालाचं अंगच नाही. तू हेडफोन टेबलावर ठेवलास. त्याला सात वर्षं झाली, आणि या सात वर्षांत तू स्वयंपाकघरातही गुणगुणली नाहीस.

गेल्या रविवारी शेजारच्या मास्तरांना बासरी रेकॉर्ड करायची होती, म्हणून माईक आणि हेडफोन जोडायची त्या दिवशीचीच जुनी डबी माळ्यावरून काढली. मास्तर दोन सूर वाजवून थांबले आणि म्हणाले, अहो, माझी बासरी मलाच उशिरा ऐकू येतेय. मला पटेना. स्वतः हेडफोन घातला, माईकसमोर आकडे मोजायला लागलो, आणि चारवर जीभ अडखळली. डबीवर एक बटण आहे. ते एका बाजूला असलं की आपला आवाज सरळ आपल्या कानात येतो. दुसऱ्या बाजूला असलं की कॉम्प्युटरमधून फेरी मारून किंचित मागाहून येतो. ते दुसऱ्या बाजूला होतं, आणि त्यावर सात वर्षांची धूळ होती.

तू तालाला चुकत नव्हतीस, चिमणे. स्वतःच्या आवाजासाठी थांबत होतीस. घड्याळं दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला एवढासा उशीर कळू नये, याची लाज वाटते.

सोमवारी दुकान उघडलंच नाही. जुनी फाइल शोधत बसलो. नववा टेक सापडला. एक कान उघडा असल्यामुळे तुझा आवाज तुला खोलीतूनच ऐकू येत होता. त्या टेकमध्ये मागून बारीक मेंडोलिन झिरपतंय, अगदी मी म्हणालो होतो तसं. आणि तू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तालातून कुठेही हललेली नाहीस. बाबांना ऐकवलं. ते मेंडोलिन काढून त्याला नवीन तारा चढवत बसले.

आणि संध्याकाळी आई तुझ्याकडून आली. डॉक्टरांनी तुला दोन रस्ते सांगितलेत म्हणे. सहा महिने गळ्याला विश्रांती आणि व्यायाम, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन झटपट होईल, पण वरचे सूर कदाचित जातील. आणि तू हसून त्यांना म्हणालीस, ऑपरेशनच करा, मला कुठे गायचंय, माझ्या दादाला विचारा हवं तर. गळा तुझा आहे, सहीही तुझीच. मी त्यात पडणार नाही. फक्त माझ्या त्या वाक्याच्या भरवशावर सही करू नकोस, ते खोटं होतं. पेनड्राइव्हवर एकच फाइल आहे. बुधवारच्या आत ऐक, वाटलं तर एक कान उघडा ठेवून.

तुझाच,
बटण न बघता बोललेला दादा