भिंगारमध्ये अमेरिकन गंज

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून वेदरिंग. म्हणजे मॉडेल ट्रेनचे कोरे डबे रंगवून जुने, गंजके, उन्हानं विटलेले करायचे. माझ्या टेबलावर अमेरिकन मालगाडी धावते. डबे मात्र शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखे. कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात आयुष्यभर नकाशे काढले, हात तयार आहे. पुण्याच्या मॉडेल रेल्वे क्लबचे रविराज महिनाअखेर बघायला येणार. आवडलं तर मेंबर करून घेतील. आवडेलच.

३ फेब्रुवारी
पहिला लाल डबा झाला. ब्राऊन रंग जरा सढळ पडला. सुरेखा म्हणाली, शेणानं सारवलाय का. म्हणजे मातीचा फील आला. बायको असून दाद दिली.

६ फेब्रुवारी
स्पंजनं गंज टिपायला गेलो. स्पंज चिकटला, ओढल्यावर तुकडा डब्यावरच राहिला. लांबून शेवाळ वाटतं. अमेरिकेच्या वाळवंटात शेवाळ नसतं, पण रविराज इतकं बारीक बघणार नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
हेअर ड्रायरनं रंग वाळवला. छत वाकलं. हा अपघातातला डबा म्हणायचा. अपघात सगळ्याच देशांत होतात.
सारवलेला डबा गच्चीच्या कठड्यावर टाकून दिला. कलावंतानं जुन्या कामात अडकू नये.

२३ फेब्रुवारी, रविवार
रविराज येऊन गेले! टेबलावरचे डबे पाहून म्हणाले, मेहनत दिसते. मग बराच वेळ चहाच पीत बसले. फोन आला म्हणून गच्चीत गेले, आणि तो टाकलेला डबा हातात घेऊन धावतच खाली आले. ब्राऊन रंग विटून खालचा लाल दिसू लागलेला, वर धुळीचा थर, छतावरून पांढरे ओघळ.
"गाडेसाहेब, हे कसं केलंत?"
माझी एक खास प्रोसेस आहे म्हणालो. खरं तर कबुतरांनी केलं. पण डबा तिथं ठेवला कोणी? मीच ना.
९ मार्चला ते क्लबची माणसं घेऊन येणार. लाइव्ह डेमो मी देणार. दिवसभर शीळ घालत फिरतोय. सुरेखा म्हणाली, कबुतरांना विचारलंत का? तिला कलेतलं कळत नाही.

२५ फेब्रुवारी
कठड्यावर सगळे कोरे डबे मांडले. ज्वारी टाकली. कबुतरं आली, खाल्लं, गेली. डबे स्वच्छ. पहिला दिवस आहे, लाजत असतील.

१ मार्च
ज्वारी वाढवली. आता थवाच येतो. मात्र खातात माझ्याकडं आणि बसतात शेजारच्या काकासाहेबांच्या अंगणावरच्या वायरवर. खाली त्यांची नवी लाल कार असते. शिस्त लागायला वेळ लागतो.

५ मार्च
काकासाहेब दारात. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त धडकी भरते. म्हणाले, कबुतरं लई झाली, कोन दानं टाकतंय ठावं हाय का. मी म्हणालो, हवामान बदललंय. खोटं नाही, ऊन वाढलंय. ज्वारी चालू ठेवली. कार्य मोठं आहे.

९ मार्च, रविवार
सकाळी काकासाहेबांनी मला ज्वारी टाकताना पाहिलं. खाली बोलावून कार दाखवली. लाल फक्त खालच्या बाजूला उरली होती.
"गाडेसाहेब, बादली आना," एवढंच म्हणाले.
आणली. बॉनेट घासून झालं, तोच पुण्याची मंडळी उतरली. रविराजांनी कार पाहिली, वायर पाहिली, कठड्यावरचे माझे चकाचक डबे पाहिले. मी साबणाच्या हातानं नमस्कार केला.
डेमो झाला. रविराजांनी दिला. काकासाहेबांच्या कारवर. ओघळ छताकडून कसा सुरू होतो, खाली कसा पातळ होतो, धूळ कुठं धरते, हे बोटानं दाखवत होते. सगळ्यांनी भराभर फोटो काढले. बॉनेट धुतलेलं बघून रविराज हळहळले, म्हणाले, एवढं राहू द्यायला हवं होतं.
काकासाहेबांनी सगळ्यांना खुर्च्या टाकल्या. सुरेखानं पोहे केले. मी मागची काच घासत होतो.
निघताना मेंबरशिपचं विचारलं. रविराज म्हणाले, बघू. मग काकासाहेबांचा नंबर घेतला. पुढच्या वेळी कार धुण्याआधी फोन करा म्हणाले.