गोळीची जबाबदारी माझी

३ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकोचा थायरॉइड मंद आहे. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, पण तिचं हार्मोन कमी पडलं की बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी पुढेमागे होते, दिवस राहत नाहीत. उपाय? रोज सकाळी एक गोळी. एवढंच! बाई आणखी काहीतरी सांगत होत्या, पण मी तोवर मोबाइलवर रिमाइंडर लावत होतो. नाव दिलं, ‘मिशन बाळ’. कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो मी, एक गोळी काय!

४ जानेवारी, सकाळी ६
बायकोला अंथरुणातच गोळी दिली. सोबत दुधाचा कडक चहा. ती म्हणाली, पाणी चाललं असतं. म्हटलं, लाड करून घे.

१९ जानेवारी
होणाऱ्या आईची हाडं मजबूत हवीत असं वाचलं. कॅल्शियमची गोळी आणली. तीही त्याच चहाबरोबर. एका खेपेत दोन कामं.

७ फेब्रुवारी
पाळी लांबली! पाळणा बघून आलो. सासूबाईंना फोन करावा का? केला.

१० फेब्रुवारी
पाळी आली. बायको बराच वेळ बाथरूममधून बाहेर आली नाही. सासूबाईंना फोन तिनेच केला.

२ मार्च
थायरॉइडचा रिपोर्ट आला. आकडा जागचा हललेला नाही. लॅब भोंगळ. दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तोच आकडा. दोन्ही भोंगळ. बायकोला विचारलं, गोळी नीट गिळतेस ना? ती कप विसळायला निघून गेली. दिवसभर माझ्या येरझाऱ्या.

५ मार्च
डॉक्टरीणबाई डोस वाढवणार होत्या. त्यांनी सहज विचारलं, गोळी कशी घेता? मी छाती फुगवून सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर चहा नाही, कॅल्शियम तर चार तास नाही. नाहीतर गोळी पोटात जाते, अंगी लागत नाही.
घरी येताना बायको म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून पीत होते. उठल्याउठल्या चहा मला कधीच आवडला नाही.
फार वाईट वाटलं. तिचे दोन महिने माझ्या चहात गेले.

६ मार्च, सकाळी ६
नवा संकल्प: फक्त पाणी. ग्लास घेऊन गेलो, तर तिची गोळी घेऊन झाली होती. रिमाइंडर वाजला. तिने हात लांबवून तो कायमचा काढून टाकला. म्हणाली, आता तू झोपत जा.
पडलो. झोप येईना. उपाशी ती बसलीय आणि चुळबुळ माझी. चहा टाकू का, असं पडल्यापडल्याच विचारलं.
तिने पांघरूण माझ्या डोक्यावरून ओढलं.