गंज काढायचा हिवाळा

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी ८.४ आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नेमाने घ्या, गोड सोडा, चाला. फेब्रुवारीत पुन्हा तपासू. नाही उतरली तर इन्सुलिन. म्हणजे रोज पोटात सुई.
सुईला मी घाबरत नाही. शाळेत लसीकरणाच्या दिवशी पोरांची रांग लावताना मला भोवळ आली होती, पण ती उन्हामुळे. वर्गात होतो, तरी ऊन लागतं.
रात्री एक व्हिडिओ पाहिला. लोखंडासारखं शरीरही गंजतं. कच्च्या फळा-भाज्यांतले अँटिऑक्सिडंट तो गंज काढतात. शिजवलं की ते मरतात. म्हणजे अलका तीस वर्षं माझं औषध कढईत जाळत होती. तिला हे शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, मंग रोज तर्री दे, तर्री दे, असं कोण म्हणून राहिलं होतं?
उद्यापासून सगळं कच्चं. गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. दोन औषधं एका वेळी नकोत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ताटात पाच रंग हवेत. बीट, गाजर, पानकोबी, पालक, टमाटर. अलका पहाटेपासून किसत होती.
'अँटिऑक्सिडंट परिवार, पांढुर्णा' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पहिला मेसेज: कच्च्या आहाराचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे घरच्या बाईला आराम. अलकालाही ग्रुपमध्ये घेतलं. तिने अजून वाचला नाही. हात बिटाने भरलेले होते म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
जांभळ्या सालीत सर्वांत जास्त शक्ती असते, म्हणून कच्चं वांगं. एक घास खाल्ला. घसा दुपारपर्यंत खाजला. गंज निघायला लागला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पोट ढोलासारखं. रात्रभर आवाज. अलका उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. परिवारातले बरेच जण आज ग्रुपमधून बाहेर पडले. लोकांना निष्ठा नको, झटपट निकाल हवा.

२९ नोव्हेंबर, शनिवार
जामसांवलीला दर्शन. बाहेर गरम मिरचीभजी. देवाच्या दारात नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय आतली मिरची अर्धी कच्चीच असते. बेसन तिच्यासोबत आलं, त्याला मी काय करणार? परत पाचच्या बसने.

५ डिसेंबर, शुक्रवार
सौंसरहून दादारावने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, बागेतली संत्री पाठवली. क्रेट भरभरून! व्हिटॅमिन सी तर आहेच, पण त्या पांढऱ्या सालीत म्हणे भलतंच काही असतं. आपल्या दारात एवढी शक्ती, आणि मी बीट चावत बसलो. आजपासून संत्रा-उपचार: सकाळी रस, दुपारी रस, भूक लागली की फोडी.
अलका म्हणाली, अहो, साखर आहे ना तुम्हाले. मी समजावलं की फळातली साखर वेगळी असते, सात्त्विक असते. ती म्हणाली, मंग डॉक्टरले विचारते. मी म्हटलं, तारखेच्या आधी त्यांना त्रास कशाला.

१४ डिसेंबर, रविवार
दादारावच्या बागेत वांग्याचं भरीत आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे. मी माझा कोबीचा डबा घेऊन गेलो. निर्धार पक्का होता.
पण वांगं विस्तवात भाजलं जातं. भांडं नाही, पाणी नाही, म्हणजे याला शिजवणं म्हणता येणार नाही. हे मी सर्वांना पटवून दिलं. रोडग्यांचा प्रश्न निघाला तेव्हा तोंडात घास होता. तूप दादारावने न विचारता ओतलं. मग म्हणाला, भाऊजी, तुमचा डबा तं गाय खाऊन राहिली. खाऊ दे म्हटलं, तिलाही गंज असेल.
येताना चपलेतून संत्र्याच्या झाडाचा काटा अंगठ्यात गेला. किरकोळ.

१ जानेवारी, गुरुवार
नवं वर्ष. आतापर्यंतची फक्त तालीम होती. आजपासून खरं कच्चं.
सकाळी फिरायला निघालो, अक्षयच्या ठेल्यापाशी थांबलो. तर्री-पोहे. वर कच्चा कांदा भरपूर घ्यायला विसरलो नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळात अँटिऑक्सिडंट असतात, हे छापून आलेलं आहे. गूळ चुलीवर होतो, पण माझ्या चुलीवर नाही. दिवसभर घरोघरी गेलो.
अलका माझं उरलेलं सगळं सॅलड भाकरीसोबत खाते. म्हणाली, फेकवत नाही. भाजी आणायला बाजारात पायी जाऊन येते. हल्ली जिन्यावर तिला दम लागत नाही. माझ्या ग्रुपचा परिणाम.

२५ जानेवारी, रविवार
पॅन्ट कमरेत सैल झाली! फोटो ग्रुपवर टाकला. रात्री खूप तहान लागते आणि सारखं उठावं लागतं. शरीर स्वतःला धूत आहे. डोळ्यांपुढे थोडं धूसर दिसतं. चष्मा जुना आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
अंगठा भरत नाही. काळसर झाला आहे. अलका रोज कोमट पाण्याने धुते आणि पट्टी बांधते. आज धुताना एक शब्द बोलली नाही. ती भांडते तेव्हा मला चिंता नसते. गप्प बसली की भीती वाटते.
संत्र्याच्या सालीचा लेप लावू का म्हणून विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. लेप लावला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
११.२.
मशीन बिघडलेलं असू शकतं, असं मी डॉक्टरांना सुचवलं. त्यांनी अंगठा पाहिला आणि ओरडले. आणखी थोडे दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं, म्हणाले. गोळ्या घेत होतो का, असं विचारलं. मी म्हटलं, साधारणपणे. तेव्हा अलकाने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर मांडली. एकही फोडलेलं नव्हतं. ड्रॉवर तिला केव्हापासून ठाऊक होता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.
मी अँटिऑक्सिडंटचा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, भाज्या चांगल्याच, खा की. पण त्या गोळीचं काम करत नाहीत. आणि पेलेच्या पेले रस पिऊन साखर तुम्हीच ओतली. टमाटरचा लाल गुण तर शिजवल्यावर अंगाला जास्त लागतो.
हे त्यांनी नोव्हेंबरात सांगायला हवं होतं. तर्रीवर मी विनाकारण अन्याय केला.
बाहेर बाकावर अलका रडली. लोक पाहत होते. म्हणाली, तुम्ही सुईले भेता, हे मले लग्नापासून माहीत आहे. मले सांगतलं असतं तं मी हात धरला असता ना. मला लाज वाटली. मग मी तिला पाणी आणून दिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ
ग्रुपमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. सात वाजता अलकाही त्यातून बाहेर पडली. घरच्या बाईला आराम, हा पहिला मेसेज तिने आत्ता वाचला म्हणे.
सुई तीच देणार. काल नर्सबाईंनी तिला संत्र्यावर टोचायला शिकवलं. आज पुन्हा सराव करायचा म्हणून दादारावने परवा पाठवलेल्या नव्या क्रेटमधलं सर्वांत मोठं, सर्वांत देखणं संत्रं तिने निवडलं. ते मी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. तिने पाट घेतला, चष्मा लावला, टोचलं. पुन्हा टोचलं. हात बसला.
मग माझ्याकडे वळली. म्हणाली, संत्रं हललं नाही. तुम्हीबी हलू नका.
हललो.